मागचं सील दोनदा बदललं, तरी ऑइल थांबेना

गाडी म्हणजे 2004 चा टाटाचा सोळा-तेरा (1613) ट्रक. सोळा टनी, सहा सिलिंडर, 5.9 लिटरचं टर्बो इंजिन, कमिन्सच्या बी-सिरीजचं. हे इंजिन ट्रकपासून जनरेटरपर्यंत सगळीकडे लागलेलं आहे आणि वेळच्या वेळी ऑइल-फिल्टर बदललं तर लाखो किलोमीटर कुरकुर करत नाही. त्यामुळे 'जुनी गाडी आहे, गळायचीच' हे उत्तर मला पटत नाही. जुन्या गाडीतही ऑइल कुठून आणि का येतंय याला कारण असतं.

ही गाडी कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गूळ भरून वाशीला जाते आणि परतीला खत किंवा मिळेल तो माल आणते. मालक गाडीवर नसतात, ड्रायव्हर मात्र बरीच वर्षं एकच. तक्रार त्यांच्याच शब्दांत: "मिस्त्री, ऑइल पितीया गाडी. आणि आता क्लच बी घसराय लागलाय. चढाला रेस वाढतीया, गाडी काय वढंना."

याआधी दोन गॅरेजमध्ये क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील बदलून झालं होतं. दोन्ही वेळा थोडे आठवडे बरे गेले आणि गळती परत सुरू झाली. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, क्रँकच खराब झालीय, इंजिन उतरवावं लागेल. मालक माझ्याकडे आले ते इंजिन उतरवायचं की गाडी विकायची, एवढंच विचारायला.

सीलवर संशय का जातो, हे समजण्यासारखं आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्लच झाकणारं बेल हाउसिंग असतं; त्याच्या खालच्या भोकातून काळं ऑइल टपकताना दिसलं की आत फ्लायव्हील आणि त्यामागे सील, एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण त्या भोकापर्यंत ऑइल यायला बऱ्याच वाटा आहेत. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं तर गिअर ऑइल तिथेच येतं. मात्र त्याला गंधकाचा उग्र वास असतो आणि ते इतकं काळं नसतं. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला ब्लॉकमध्ये ठोकलेली डबी असते, ती सैल झाली तरी ऑइल फ्लायव्हील हाउसिंगमध्येच उतरतं. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, पॅकिंगचा मागचा कोपरा आहे. आणि वरून कुठूनही सुटलेलं ऑइल ब्लॉकच्या कडेकडेने मागे सरकत हाउसिंगच्या जोडावर येऊन थांबतं. धावत्या गाडीत पंख्याचा आणि समोरचा वारा सगळं मागेच ढकलतो. म्हणून ऑइल जिथे टपकतं ती जागा मी फक्त टिपून ठेवतो, त्यावर निर्णय घेत नाही.

गाडीला हात लावण्याआधी ड्रायव्हरशी बोललो. रात्रभर उभी राहिली तर खाली किती पडतं? "चार-सहा थेंब." जाताना जास्त जातं की येताना? हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. विचार करून म्हणाले, "येताना. बोरघाट चढून खंडाळ्याला चहाला थांबलो की खाली धारच लागल्याली असती. मग खंबाटकी चढून आल्यावर पुन्हा."

ही माहिती फार कामाची होती. वाशीला जाताना गाडी भरलेली असली तरी बोरघाट ती उतरते आणि साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीत बोगदा मिळतो. परतीला खताची पोती घेऊन बोरघाट चढायचा आणि पुढे खंबाटकीचा जुना घाटही चढायचा. म्हणजे गळती ऑइलच्या पातळीवर किंवा वेळेवर नव्हे, इंजिनावरच्या लोडवर अवलंबून होती. साधं झिजलेलं सील उभ्या गाडीतही आणि सपाट रस्त्यावरही आपलं काम करत राहतं. घाटात धार आणि एरवी चार थेंब, असं असेल तर क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरते त्या इंजिनाच्या पोटात, हवेचा दाब वाढतोय का, हे आधी बघायला हवं. पिस्टन रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा गॅस खाली उतरतोच, लोडवर जास्त उतरतो. आपल्याकडे त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो गॅस बाहेर सोडायला ब्रीदर असतो. तो नीट सुटला नाही की वाट मिळेल तिथून ऑइल घेऊन बाहेर पडतो.

ऑइल जातं कुठे

गाडी सपाट जागी उभी करून गेजच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं आणि एक फेरी होऊ दिली. चेंबरमध्ये सगळं मिळून 15 लिटरच्या आसपास ऑइल बसतं. जाऊन-येऊन साधारण साडेसातशे किलोमीटरच्या फेरीत दीड लिटर टाकावं लागलं. हे ऑइल तीन ठिकाणी जाऊ शकतं: जळून धुरातून, एअर कॉम्प्रेसरमधून ब्रेकच्या हवेच्या टाकीत, किंवा रस्त्यावर. धूर निळा नव्हता, सकाळी पहिल्या स्टार्टलाही नाही. हवेच्या टाकीचा ड्रेन उघडला तर पाण्याबरोबर काळं, घट्ट ऑइल पचकन बाहेर आलं. एका टाकीतून चहाच्या कपभर तरी असेल. ते वहीत लिहून ठेवलं आणि पुढे गेलो. त्याचा संबंध नंतर लागला.

मग इंजिन धुवायला घेतलं. अल्टरनेटर आणि स्टार्टर प्लॅस्टिकने बांधून, आधी डिझेलने मळ मऊ करून, नंतर प्रेशरच्या पाण्याने. वीस वर्षांचा थर एका धुण्यात निघत नाही. ब्लॉकच्या कोपऱ्यात, पंपाच्या मागे खरवडणी घालावी लागते. पण हे काम टाळून गळती शोधणं म्हणजे चिखलात पावलाचा ठसा शोधणं. सुकल्यावर सगळ्या संशयित जोडांवर पांढरी टाल्कम पावडर फुंकली: वरची टॅपेट कव्हरं, पंपाची बैठक, फिल्टरचं हेड, ऑइल कूलरचा जोड, टर्बोचा ऑइल परतीचा पाइप, हाउसिंगचा वरचा काठ. या इंजिनाला सहा सिलिंडरची सहा वेगळी टॅपेट कव्हरं असतात, प्रत्येकाला स्वतंत्र पॅकिंग, त्यामुळे बघायच्या जागाही जास्त.

गाडी बायपासवर एक चक्कर मारून आणली. पावडर बहुतेक ठिकाणी कोरडी होती. ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे टर्बो आणि फिल्टरच्या बाजूला, काहीच नाही. क्लीनरच्या बाजूला इंजेक्शन पंपाच्या मागे आरसा घालून टॉर्च मारला तेव्हा ओघळ सापडला. पुशरॉडच्या बाजूचं जे लांब पत्र्याचं साइड कव्हर ब्लॉकला लागलेलं असतं, त्याच्या मागच्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक काळी रेघ निघून ब्लॉकच्या कडेवर आली होती, तिथून मागे सरकत हाउसिंगच्या जोडावर. पावडरमध्ये ती पेन्सिलने ओढल्यासारखी स्वच्छ दिसत होती. कोपऱ्यात पॅकिंगची कड कव्हरच्या बाहेर फुगून आलेली होती.

बरेच जण इथेच थांबतील. ओघळ सापडला, पॅकिंग बदला, झालं. पण हे साइड कव्हर काढायला इंजेक्शन पंप आडवा येतो. तो उतरवायचा, कव्हर काढायचं, परत पंपाचं टायमिंग मिळवायचं. एवढं सगळं करून नवं पॅकिंगही काही महिन्यांत फुगून बाहेर आलं तर मालकाला काय सांगणार? पॅकिंग आतून बाहेर ढकललं गेलेलं होतं. कुणी ढकललं, हे आधी कळायला हवं.

गवंड्याची नळी

क्रँककेसचा दाब मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आणली. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधली, फळीला मीटर टेप चिकटवली, नळीत निम्म्यापर्यंत निळ्या शाईचं पाणी भरलं. ऑइल भरायच्या तोंडाच्या जुन्या झाकणाला भोक पाडून नोझल बसवलं आणि नळीचं एक टोक तिथे जोडलं, दुसरं मोकळं. इंजिनात दाब वाढला की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर. दोन्ही पातळ्यांतला फरक मोजायचा. एकाच बाजूची चढलेली उंची मोजली तर उत्तर निम्मं येतं. ही गफलत फार जण करतात.

इंजिन गरम करून घेतलं. स्लो रेसला फरक 7 सेंटिमीटर. रेस वाढवत गव्हर्नर अडवतो त्या टोकापर्यंत नेली तेव्हा 38. तेही लोड नसताना. कोणत्या इंजिनाला किती चालतं हे कंपनीच्या पुस्तकात वेगवेगळं असतं. मला इथे पुस्तकी मर्यादेपेक्षा एकेक गोष्ट काढल्यावर आकडा किती उतरतो ते बघायचं होतं.

38 सेंटिमीटर पाणी ऐकायला काहीच वाटत नाही. टायरमधल्या हवेपुढे तर कुठेच नाही. पण साइड कव्हर अंदाजे 60 बाय 12 सेंटिमीटरचं धरलं तर त्या पत्र्यावर आतून सुमारे 27 किलोचा रेटा बसतो, तोही सतत, गरम ऑइलच्या वाफेसकट. क्रँकच्या मागच्या सीलची लिपही असा दाब अडवायला बनवलेली नसते. फिरत्या क्रँकवरचं ऑइल पुसून आत ठेवणं एवढंच तिचं काम.

आता ब्रीदर. या गाडीत तो त्याच साइड कव्हरवरून निघतो आणि त्याचा रबरी पाइप पुढे खाली, बंपरच्या मागे उतरतो. पाइप हाताने चाचपत गेलो तर शेवटी एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली हाताला लागली. चिखलाने माखलेली, तारेने चेसिसला बांधलेली. पाइप बाटलीच्या तोंडात घातलेला, आणि फटीत चिंध्या कोंबून वरून इन्सुलेशन टेप गुंडाळलेली.

ड्रायव्हरना विचारलं. "ती व्हय? पासिंगच्या टायमाला बांधलीया. ब्रीदरचं ऑइल खाली टपकतंय म्हणून गाडी परत लावली तर काय करायचं, म्हणून एकानं सांगितलं बाटली लावा. मग ऱ्हायली तशीच."

मोकळा ब्रीदर थोडं ऑइल टिपकवतोच. वाफेबरोबर आलेलं ऑइल पाइपात थंड होऊन थेंब पडतात. जुन्या गाडीत ते थोडं जास्त. ते लपवायला लावलेल्या बाटलीने गॅसची वाट बंद केली. बाटली कापली तर आत निम्म्याहून जास्त पिवळसर, ताकासारखा घट्ट राडा: ऑइल आणि पावसाळ्यातल्या दमट हवेचं पाणी घुसळून झालेला. पाइप जिथे झोळ पडून वाकला होता तिथेही तोच राडा साचलेला. गॅस त्यातून बुडबुडे काढत, चिंध्यांतून फुसफुसत कसाबसा निघत होता. स्लो रेसला जमत होतं, बोरघाटात जमत नव्हतं.

दुसऱ्यांदा सील बदललं ते बाटली बांधल्यानंतर, हे मालकांच्या बिलांवरून नक्की झालं. पहिल्या वेळचं सांगता येत नाही.

फुस्स झालं आणि पाणी उतरलं

पाइप काढून परत नळी बघितली. स्लो रेसला 2, टोकाच्या रेसला 14. सुटका मोठी होती, पण पाइप पूर्ण मोकळा असताना, लोड नसताना 14 मला जास्तच वाटले. रिंगा गेल्या म्हणावं तर गाडी सकाळी एका सेल्फला चालू होते, ओढही क्लच घसरत नाही तोवर ठीक.

तेवढ्यात हवेची टाकी भरली आणि टाकी भरल्यावर कॉम्प्रेसरची हवा बाहेर सोडणारा अनलोडर व्हॉल्व्ह फुस्स करून सुटला. त्याच क्षणी नळीतलं पाणी उतरलं. 14 चं 6 झालं. रेसला हातही लावला नव्हता.

ब्रेक पॅडल पाच-सात वेळा दाबून टाकीची हवा कमी केली. कॉम्प्रेसर परत भरायला लागला, पाणी परत 14 वर. साडेसात-आठ बारच्या आसपास अनलोडर सुटला, पाणी परत 6 वर. मालक शेजारीच उभे होते. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही, तेच म्हणाले, "म्हणजे हवा कॉम्प्रेसर मारतोय व्हय आत?"

तसंच होतं. या इंजिनात कॉम्प्रेसर गिअरवर चालतो, त्याला ऑइल इंजिनाचंच जातं आणि ते परत क्रँककेसमध्येच उतरतं. त्याच्या रिंगा झिजल्या की दाबलेली हवा पिस्टनच्या कडेने खाली निसटते आणि थेट इंजिनाच्या पोटात येते. उलट दिशेने ऑइल वर चढून टाकीत जातं. टाकीच्या ड्रेनमधून आलेल्या काळ्या ऑइलचा अर्थ हा होता. अनलोडर सुटल्यावर कॉम्प्रेसर टाकीविरुद्ध न लढता मोकळी हवा सोडतो, म्हणून गळती एकदम कमी. बाटली आणि कॉम्प्रेसर, दोघांनी मिळून हे इंजिन फुगवलं होतं. फक्त बाटली काढून गाडी दिली असती तर बरीच सुधारली असती, पण ऑइल पूर्ण थांबलं नसतं आणि सीलचा संशय पुन्हा उभा राहिला असता.

टर्बोवरही हाच संशय घ्यावा लागतो, कारण त्याचं सील गेलं तर त्याच्याकडूनही ऑइल परतीच्या पाइपातून हवा आत येते. शाफ्टचा खेळ बघितला, ठीक होता.

उघडल्यावर

क्लच प्लेट ऑइलने भिजलेली होती, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवणं भागच होतं. भिजलेली प्लेट पेट्रोलने धुऊन, वाळवून परत टाकणारे लोक आहेत. अस्तरात मुरलेलं ऑइल गरम झाल्यावर परत वर येतं. मी तसं करत नाही. नवी प्लेट घातली. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील साफ करून तेच ठेवलं.

बेल हाउसिंग उघडलं म्हणून सील बघायला मिळालं. गिअरबॉक्सची बाजू कोरडी, कॅमची डबी कोरडी. सीलच्या खालच्या अर्ध्या भागात ओल होती, म्हणजे सीलही थोडं सोडतच होतं. दोष कुणाचा किती हे वाटून सांगणं कठीण, पण तीन गोष्टी दिसल्या. पहिली, दाब. दुसरी, क्रँकवर लिप घासून पडलेली चर. नखाला लागत होती, आणि नवं सील दोन्ही वेळा त्याच चरीवर बसवलेलं. तिसरी गोष्ट हातसवयीची. या इंजिनाचं मागचं सील पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचं असतं. ते कोरडंच बसवायचं असतं: लिप कोरडी, क्रँकची घासणारी जागाही डिग्रीझरने पुसून कोरडी. सुरुवातीच्या फेऱ्यांत लिपचा बारीक थर क्रँकवर बसतो आणि मग सील धरतं. मधे ऑइलचा थर आला तर ते नीट बसतच नाही. आपल्या हाताला मात्र वर्षानुवर्षांची सवय: रबरी सील म्हटलं की लिपला बोट फिरवून ऑइल लावायचं. इथे काढलेल्या सीलच्या लिपमागे ग्रीस भरलेलं निघालं.

चरीवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवली आणि तिच्यासोबत येणारं, तिच्या मापाचं सील बसवलं. पाकिटात प्लॅस्टिकचा गाइड येतो, तो क्रँकच्या टोकावर ठेवून सील सरकवायचं, म्हणजे लिप उलटत नाही. बरेच जण तो गाइड कचऱ्यात टाकतात आणि सील हातोड्याने ठोकतात. स्लीव्ह लावावी की सील दोन मिलिमीटर आत-बाहेर सरकवून चर चुकवावी, यावर मालकांशी थोडी घासाघीस झाली, कारण स्लीव्हचा खर्च त्यांना नको होता. सरकवण्याचीही पद्धत चालते. पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी परत द्यावी लागण्यापेक्षा स्लीव्ह स्वस्त, हा हिशोब त्यांना पटला.

साइड कव्हरसाठी पंप उतरवला. त्याआधी इंजिन टीडीसीवर (पहिला पिस्टन अगदी वर) आणून टायमिंगची पिन आत दाबायची, आणि इंजिन परत फिरवण्याआधी ती आठवणीने मागे ओढायची. तशीच राहिली तर कॅमच्या गिअरमध्ये तुटते आणि नवंच काम निघतं. कव्हर निघालं तेव्हा पत्रा बोल्टांच्या जागी आत दबलेला दिसला. कुणीतरी गळती थांबवायला बोल्ट आवळत गेलं होतं. पातळ पत्र्याला जास्त ताण दिला की बोल्टापाशी तो दबतो आणि दोन बोल्टांच्या मधे उचलला जातो, म्हणजे गळती वाढते. सपाट लोखंडी ठोकळ्यावर धरून कड सरळ केली, बोल्टांचे सील वॉशर नवे घेतले, नवं पॅकिंग लावून टॉर्क पान्याने सारखा ताण दिला. सिलिकॉनचा राजमुकुट घातला नाही. आतल्या बाजूला लोंबणारं सिलिकॉन सुटून ऑइल पंपाच्या जाळीत जातं, ते कुणाला दिसत नाही इतकंच.

कॉम्प्रेसर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडे दिला. बोअरला वर पायरी पडली होती, रिंगांच्या तोंडातली फट मोजायला फीलर गेजची पानं एकावर एक ठेवावी लागली. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा घातल्या. त्याचा हवा जाण्याचा पाइपही उघडून बघितला; हेडजवळ काजळीने इतका भरला होता की मोकळं भोक करंगळीएवढंही उरलं नव्हतं. अशा पाइपाविरुद्ध हवा ढकलताना कॉम्प्रेसर जास्त तापतो आणि रिंगा लवकर जातात. तो पाइप साफ न करता कॉम्प्रेसरचं किट टाकणं म्हणजे पैसे वाया.

ब्रीदरला ऑइल सहन करणारा नवा पाइप, झोळ न ठेवता सलग उताराने, टोक तिरपं कापून चेसिसच्या खाली मोकळं. बाटली नाही. ड्रायव्हरना पासिंगची काळजी होती. त्यांना सांगितलं, पासिंगच्या आधी पाइपाचं टोक पुसून न्या. बाटली लावायचीच असेल तर मोठी घ्या, तिच्या वरच्या बाजूला बोटभर भोक मोकळं ठेवा आणि दर फेरीला रिकामी करा.

तवंदी घाटात

गॅरेजमध्ये लोडशिवाय आलेल्या आकड्यावर गाडी देणं मला मान्य नव्हतं, कारण तक्रार घाटातली होती. दुरुस्ती सुरू करण्याआधी, बाटली जागेवर असतानाच, नळीची फळी केबिनमध्ये बांधून आम्ही भरलेली गाडी निपाणीच्या पुढे तवंदी घाटात नेली होती. चढ लागला, तिसरा गिअर पडला, आणि नळीतलं निळं पाणी मोकळ्या तोंडातून उडून डॅशबोर्डवर आणि क्लीनरच्या सदऱ्यावर. आकडा घेता आलाच नाही.

काम झाल्यावर तोच घाट, साधारण तेवढंच वजन. गॅरेजमध्ये टोकाच्या रेसला फरक 5 आला होता. तवंदीच्या चढाला 9 ते 10 च्या मधे खेळत राहिला. चढून वर थांबलो, बेल हाउसिंगखाली कार्डबोर्ड टाकला, चहा झाला. कार्डबोर्ड कोरडा. सगळ्या जोडांवर परत पावडर टाकून पुढची वाशीची फेरी होऊ दिली. साइड कव्हरचा कोपरा पांढराच होता.

मधल्या काळात मालकांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून ऑइलमध्ये गळती थांबवणारं औषध टाकायचा विषय काढला होता. ही औषधं रबरी सील थोडं फुगवतात. पीटीएफई सीलवर त्यांचा तसा परिणाम होत नाही, आणि फुगून बाहेर आलेल्या पॅकिंगला तर फुगवण्याचा प्रश्नच नाही. जाडं 20डब्ल्यू-50 ऑइलही नको म्हटलं. 15डब्ल्यू-40 च ठेवलं.

आता फेरीमागे टाकावं लागणारं ऑइल दीड लिटरवरून पाव लिटरच्या आत आलंय, आणि हवेच्या टाकीतून निघणारं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. पुढच्या बाजूला क्रँक पुलीमागच्या सीलला अजून ओल आहे. थेंब खाली पडत नाही, फक्त धूळ चिकटून काळी कड दिसते. ते सील आम्ही मुद्दाम सोडलं. टायमिंग कव्हर उघडायचं काम निघेल तेव्हा ते बदलायचं असं मालकांशी ठरलंय. तोवर ड्रायव्हर खंडाळ्याला थांबले की तिथे हात लावून बघतात आणि ओल वाढली तर फोन करतात.